अर्ध्या मिलिवॉटचा हिशेब

ऑक्टोबर 2001 मध्ये इंदूरला रेडिओ मिरचीचं केंद्र सुरू झालं आणि 98.3 हा आकडा रिक्षा, पानाच्या टपऱ्या, शिकवण्यांचे वर्ग असा गावभर झाला. चारच महिन्यांनी, 14 फेब्रुवारी 2002 रोजी, अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं एक निर्णय घेतला. गाण्याबजावण्याशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे गाजावाजाही झाला नाही. 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ, म्हणजे साडेसात हजार मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा, वापरणाऱ्याला स्वतंत्र परवाना न काढता मोकळा झाला. एका एफएम केंद्राला 0.2 मेगाहर्ट्झ पुरतात. 1955 साली सुरू झालेल्या आकाशवाणी इंदूरला मध्यम लहरींवर शेजारच्या केंद्रापासून 9 किलोहर्ट्झ अंतर मिळालं की काम भागतं. या दोन आकड्यांशेजारी साडेसात हजार मेगाहर्ट्झ ठेवून पाहिले म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी) हे नाव अतिशयोक्तीचं वाटत नाही.

सरकारी खातं एवढं उदार होत नसतं. तेही झालं नव्हतं. खरी अट शक्तीची होती : दर मेगाहर्ट्झमागे उणे 41.3 डीबीएम, म्हणजे एका मिलिवॉटचा सुमारे साडेतेरा हजारावा भाग. अख्खा पट्टा काठोकाठ वापरला तरी सगळी बेरीज अर्ध्या मिलिवॉटच्या जरा पुढे जाते. यूडब्ल्यूबी म्हणवून घ्यायला लागणारी किमान 500 मेगाहर्ट्झ रुंदीच घेतली, तर हातात 37 मायक्रोवॉट उरतात. हा उणे 41.3 चा आकडा आला कुठून? टेबलावरच्या संगणकानं नकळत जेवढा रेडिओ-कचरा बाहेर टाकला तर चालेल असं आधीच ठरलेलं होतं, तीच ही मर्यादा. नव्या रेडिओनं त्या कचऱ्याहून मोठ्यानं बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. (कचऱ्याच्या नियमांचं महत्त्व इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.)

हे पुस्तक त्या अर्ध्या मिलिवॉटच्या खर्चाबद्दल आहे. शून्य आणि एक हे दोन अंक एवढ्या शक्तीत पलीकडे पोचवायचे तर आखूड रेडिओ-स्पंदात नेमकं काय बदलायचं : त्याची जागा, उंची, दिशा, की तो असणं-नसणंच? की स्पंद सोडून वेगळाच मार्ग धरायचा? विषय जुना आहे, त्यावर इंग्रजीत कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. तरी आमच्या इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून या विषयावरचे प्रकल्प अजून होतात, आणि त्यातल्या पुष्कळांचा शेवट एकाच आलेखानं होतो. खाली सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर, डावीकडे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, मध्ये तीन-चार घसरत्या रेषा. सर्वांत खालची रेषा बीपीएसके या पद्धतीची, म्हणून बीपीएसके उत्तम, इति सिद्धम्. आलेख बरोबर असतो. निष्कर्षाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती सविस्तर मांडण्यासाठीच हा खटाटोप.

थोडं मागं जायला हवं. रेडिओचा जन्मच मुळी रुंद पट्ट्यात झाला. 1887च्या सुमारास हर्ट्झनं पाडलेली ठिणगी हा एक आखूड स्पंद होता आणि तो एकाच वेळी शेकडो वारंवारतांवर सांडत होता. मार्कोनीनं त्यावरच समुद्र ओलांडला. पण दोन जहाजं एकदम बोलू लागली की कोणाचंच कोणाला कळेना, म्हणून प्रत्येकाला आपापली अरुंद पट्टी नेमून देण्याची पद्धत आली आणि ठिणगीचे रेडिओ हद्दपार झाले. नंतर पन्नासेक वर्षं आखूड स्पंद रडारच्या प्रयोगशाळेत राहिला. 1973 मध्ये जेराल्ड रॉस यांना स्पंदांवर चालणाऱ्या संदेशवहनाचं अमेरिकी पेटंट मिळालं. 1993 मध्ये रॉबर्ट शोल्ट्झ यांनी अनेकांनी एकाच हवेत स्पंद सोडूनही एकमेकांच्या पायात पाय न अडकवण्याची रीत मांडली : प्रत्येकानं आपले स्पंद ठरलेल्या गुप्त क्रमानं थोडे मागेपुढे टाकायचे. तिला टाइम-हॉपिंग म्हणतात. गोंगाटाच्या पातळीखाली दडलेला सिग्नल शत्रूला सापडत नाही, म्हणून लष्करांना या सगळ्याचं आकर्षण होतंच. महूला, इंदूरपासून तासाभराच्या आत, लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; हा मुद्दा तिथल्या अधिकाऱ्यांना समजावायला दोन वाक्यंही लागणार नाहीत.

शॅननचं 1948 मधलं सूत्र या साऱ्याच्या मुळाशी आहे. वाहिनीची क्षमता पट्ट्याच्या रुंदीबरोबर सरळ प्रमाणात वाढते, शक्तीबरोबर मात्र लॉगरिदमच्या चालीनं, रेंगाळत. शक्ती नसेल तर रुंदी वापरा, असा व्यवहार त्यात आहे.

आता पद्धतींकडे. होळकर दरबारातले नानासाहेब पानसे हे पखवाजातलं मोठं नाव. त्यांचं घराणंच इंदूरचं. पखवाजाची थाप डोळ्यांसमोर आणा. मात्रेवर थाप पडली तर एक, खाली गेली तर शून्य : हे ओओके. थाप नेहमीच पडते, पण मात्रेवर पडली तर शून्य आणि किंचित उशिरा पडली तर एक : हे पीपीएम. जोरात की हलकी, यावरून अंक ठरला तर पीएएम. आणि बीपीएसके? तिथे स्पंद उलटा करतात, वरची लाट आधी की खालची आधी एवढाच फरक. पखवाजात याला जोड नाही. पुडीवरची कातडी आधी आत गेली की बाहेर, हे कानाला कळत नाही. कान थापेची ऊर्जा मोजतो. गंमत म्हणजे दाखला जिथे तुटतो, तिथेच या पुस्तकाचा निम्मा विषय सुरू होतो. स्वस्त रिसीव्हर कानासारखाच असतो. तो आलेली ऊर्जा मोजतो आणि उलट-सुलट ओळखत नाही. ओओके आणि पीपीएम त्याला ऐकू येतात, बीपीएसके येत नाही. ते ऐकायचं तर रिसीव्हरकडे मूळ स्पंदाची नक्कल हवी आणि ती आलेल्या स्पंदावर नॅनोसेकंदाच्या लहानशा अंशाइतक्या अचूकपणे बसवता आली पाहिजे.

नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाची 30 सेंटिमीटरची चाल. पुस्तकी वाटणारी ही मोजमापं आपल्या गावात रोजच्या कामातली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-2 या साठवण-वलयाचा परिघ साधारण 172 मीटर. त्याला 505.8 मेगाहर्ट्झचा रेटा मिळतो, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांसाठीच्या जागा एकमेकींपासून दोन नॅनोसेकंदांहून किंचित कमी अंतरावर असतात. यूडब्ल्यूबीच्या 2007च्या मानकानं स्पंदांसाठी जी घडी धरली ती 499.2 मेगाहर्ट्झची, जवळपास तेवढीच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण दोन नॅनोसेकंदांचा ताल इंदूरला परका नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

त्या नेहमीच्या आलेखाकडे वळू. हजारात एक बिट चुकलेला चालेल असं धरलं तर बीपीएसकेला प्रत्येक बिटामागे नॉइजच्या तुलनेत 6.8 डेसिबल ऊर्जा लागते. ओओके किंवा साध्या पीपीएमला 9.8. फरक तीन डेसिबलचा, म्हणजे दुपटीचा. मोकळ्या मैदानात याच फरकानं पल्ला चाळीस टक्क्यांनी वाढतो. भिंतींच्या आड, जिथे सिग्नल झपाट्यानं विरतो, तिथे वीसेक टक्क्यांनी. विद्यार्थी इथे थांबतात. याच आलेखात एक बारकावा लपलेला असतो, तोही सहसा राहून जातो. पीपीएममधले दोन स्पंद पूर्ण वेगळे ठेवायलाच हवेत असं नाही. अँटेनातून आलेला स्पंद वर-खाली झुलणारा असतो. दुसरा स्पंद नेमका इतका सरकवला, की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटावर यावा, तर दोघांचा परस्परसंबंध शून्य न राहता उणे 0.6 च्या आसपास जातो. मग पीपीएम बीपीएसकेच्या मागे राहतं ते एका डेसिबलच्या आत. शोल्ट्झ आणि मो विन यांच्या लेखनात ही युक्ती उघड दिसते. मात्र ती साधायला पुन्हा नक्कल बाळगणारा महाग रिसीव्हर लागतो. ऊर्जा मोजणाऱ्याला ती निरुपयोगी.

कायदा आत आला की चित्र पालटतं. हे प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब आहे आणि मी ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. ठरावीक अंतरानं एकसारखे स्पंद टाकत गेलं, तर शक्ती पट्ट्यावर सपाट पसरत नाही, ती ठरावीक वारंवारतांवर सुयांसारखी उभी राहते. सेकंदाला एक कोटी स्पंद सोडले तर दर 10 मेगाहर्ट्झवर एक सुई. तपासणीचं यंत्र एकेका मेगाहर्ट्झच्या खिडकीतून पाहतं. त्या खिडकीत आसपासच्या 10 मेगाहर्ट्झची शक्ती एकवटलेली सापडली की तुम्ही मर्यादेच्या दहा पट वर, म्हणजे दहा डेसिबलचा दंड. ओओकेमध्ये निम्मे स्पंद गैरहजर असतात, त्यामुळे निम्मी शक्ती सुयांत जाते, निम्मी पसरते. दंड साडेसात डेसिबलच्या जरा आत बसतो. बीपीएसकेत सुलट आणि उलट स्पंद सारख्याच संख्येनं येतात, सरासरी शून्य होते, सुया उठतच नाहीत. म्हणजे आलेखावर जे अंतर तीन डेसिबलचं दिसत होतं, ते हवेत उतरताना दहाच्या घरात जातं. बीपीएसकेचा खरा मोठेपणा हा, आणि तो नेमका त्या आलेखात दिसत नाही.

यावर बीपीएसकेच्या विरोधकांकडे फार सुंदर उत्तर आहे. ऊर्जा मोजणाऱ्या रिसीव्हरला दिशा कळत नाही ना? मग पीपीएमचे किंवा ओओकेचे स्पंद वाटेल तसे उलटसुलट करून पाठवा. रिसीव्हरला काही फरक पडणार नाही, पण सरासरी शून्य झाल्यानं सुया मावळतील. कमीपणाच सोय झाला. टाइम-हॉपिंगमधली मागेपुढे होणारी चालही सुया बोथट करते. म्हणून “पीपीएमचा स्पेक्ट्रम वाईट” असं सरसकट लिहिणारं पाठ्यपुस्तक दिसलं, तर ते कोणत्या पीपीएमबद्दल बोलतं आहे ते आधी पाहा.

नंतर येतात भिंती. राजवाड्याजवळची जुनी घरं घ्या की विजयनगरमधले सदनिकांचे मजले. खोलीत सोडलेला स्पंद एकदाच पोचत नाही. तो छत, लोखंडी कपाट, फ्रीज यांवरून आपटत डझनावारी प्रतिध्वनींच्या रूपात येतो. तीन मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी दहा नॅनोसेकंद उशिरा पोचतो. यूडब्ल्यूबीसाठी तयार झालेल्या चार प्रमाण नमुन्यांपैकी पहिला चार मीटरच्या आतला, समोरासमोरचा. त्यातला पसारा पाचेक नॅनोसेकंदांचा. चौथ्यात तो 25 वर जातो, आणि स्पंद स्वतः असतो एका नॅनोसेकंदाहूनही आखूड. सेकंदाला दहा कोटी बिट पाठवायचे तर एका बिटाच्या वाट्याला दहाच नॅनोसेकंद येतात, म्हणजे आधीच्या बिटाचे प्रतिध्वनी पुढच्याच्या अंगावर. बारीक सरकवलेल्या पीपीएमचं इथे हसं होतं. सरकलेला स्पंद कोणता आणि प्रतिध्वनी कोणता हेच ओळखू येत नाही. बीपीएसके तगतं, पण प्रत्येक प्रतिध्वनी वेगळा पकडून बेरजेत घेणारा रेक रिसीव्हर जोडावा लागतो, आणि प्रतिध्वनी पकडणारी त्याची बोटं वाढतील तशी किंमत वाढते.

वेगाच्या या अडचणीतूनच स्पंद सोडून देणारा पक्ष निघाला. मल्टिबँड-ओएफडीएममध्ये 528 मेगाहर्ट्झचा एकेक पट्टा घ्यायचा, त्यात 128 उपवाहक ठेवायचे आणि 312.5 नॅनोसेकंद लांबीची सावकाश चिन्हं पाठवायची. इतक्या लांब चिन्हापुढे 25 नॅनोसेकंदांचे प्रतिध्वनी किरकोळ ठरतात. समोर डीएस-यूडब्ल्यूबीचा पक्ष, आखूड स्पंदांच्या सांकेतिक मालिकांवर ठाम. आयईईईच्या 802.15.3ए गटात दोघांची झुंज लागली. निवडीला 75 टक्के मतं हवी होती, ती कोणालाच मिळेनात. जानेवारी 2006 मध्ये गटच विसर्जित झाला. ओएफडीएमवाल्यांनी आपलं मानक दुसरीकडून काढलं, सेकंदाला 480 मेगाबिटपर्यंत मजल गाठली, बिनतारी यूएसबीच्या घोषणा झाल्या. तोवर वाय-फाय वेगानं पुढं गेलं होतं. दोन-चार मीटरवर थांबणारी वेगळी चिप कोणाला हवी होती? माझ्या मते दोन्ही पक्षांचं गणित चोख होतं. ग्राहक काय मागतो आहे, हा प्रश्न मात्र त्या गणितात नव्हता.

त्याच सुमारास शेजारच्या गटानं, 802.15.4ए नं, वेगळी वाट धरली. त्यांना वेग नको होता, अंतर मोजायचं होतं. आखूड स्पंद कधी आला हे कळलं की तो किती लांबून आला हे कळतं, आणि इथे पट्ट्याची रुंदी थेट सेंटिमीटरांत कामाला येते. 2007 मध्ये आलेल्या त्यांच्या मानकातली मॉड्युलेशनची पद्धत मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. एका चिन्हात दोन बिट : पहिला स्पंदसमूहाच्या जागेत, दुसरा त्याच्या दिशेत. ज्याच्याकडे महाग रिसीव्हर आहे तो दोन्ही वाचतो. ज्याच्याकडे स्वस्त आहे तो फक्त जागा पाहतो आणि तरी उपाशी राहत नाही; कारण मूळ माहिती जागेत ठेवलेली आहे, दिशेत आहे ती चुका दुरुस्त करायची जादा पुंजी. पीपीएम की बीपीएसके, हा जुना वाद त्यांनी अशा रीतीनं मिटवला की निवडण्याची वेळच येऊ नये.

ओओकेही मेलेलं नाही. आलेखातला हा शेवटचा नंबर 2012च्या 802.15.4एफ मध्ये मानानं परतला, वस्तूंवर चिकटवायच्या खुणपट्ट्यांसाठी. तिथे पाठवणाऱ्याकडे चिमूटभर बॅटरी असते आणि ती वर्षानुवर्षं पुरवायची असते. स्पंद न पाठवणं याहून काटकसर कोणती? 2019 मध्ये आयफोन 11 मध्ये यूडब्ल्यूबीची चिप आली, 2020च्या 802.15.4झेड मानकानं अंतरमोजणीला गुप्त क्रमाचं कुलूप लावलं, आणि आज काही मोटारींचं दार किल्ली खिशात ठेवूनच सुरक्षितपणे उघडतं ते त्यामुळे. चोरानं मध्ये यंत्र ठेवून किल्लीचा सिग्नल लांबवर नेला, तरी प्रवासाचा वेळ काही त्याला कमी करता येत नाही.

इंदूरच्या विद्यार्थ्यासाठी या विषयाची सर्वांत चांगली बाजू ही, की आता तो संगणकावर अडकून पडलेला नाही. श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत असो, देवी अहिल्या विद्यापीठात असो की सिमरोलच्या आयआयटीत, डेकावेव्हच्या डीडब्ल्यू1000 चिपवर बांधलेली दोन मॉड्युल्स घेऊन वसतिगृहाच्या व्हरांड्यात दहा सेंटिमीटरच्या आसपास अचूक अंतर मोजता येतं. ही चिप आलेल्या प्रतिध्वनींची नोंदही बाहेर काढून देते. मध्ये लोखंडी कपाट सरकवा, दार उघडा-मिटा आणि तो आलेख कसा बदलतो ते पाहा. प्रमाण नमुने परदेशातल्या कचेऱ्यांत आणि घरांत मोजून तयार झाले. आपल्या जाड भिंतींच्या खोल्यांचे आकडे आपणच मोजायला हवेत.

काही गोष्टी पुस्तकात थोडक्यात आटोपल्या आहेत. स्पंदाचा आकार बदलून अंक पाठवण्याची पद्धत कागदावर फार देखणी आहे, हर्माइट बहुपदींमधून एकमेकांशी लंब असे स्पंद काढता येतात. पण अँटेना प्रत्येक स्पंदाचा आकार आपल्या मर्जीनं बदलते आणि ती लंबता पहिल्याच मीटरमध्ये विरते, म्हणून या पद्धतीला चार पानंच दिली. बहुस्तरीय पीएएमलाही कमी जागा मिळाली. शक्तीची इतकी टंचाई असताना उंचीच्या पायऱ्या वाढवणं परवडत नाही. आलेखांबद्दल एक सूचना : तिसऱ्या प्रकरणापासून पुढे खालच्या अक्षावर सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर दिलेलं नाही, मीटरमधलं अंतर आहे. प्रत्येक पद्धतीला कायदा जेवढी शक्ती देतो तेवढीच तिच्या हाती ठेवून, कोणता रिसीव्हर धरला ते रेषेशेजारीच लिहिलं आहे. रेषा त्यामुळे एकमेकींना छेदतात, आणि कुठे छेदतात ते पाहूनच पुढचं प्रकरण उघडावं.